वीस पानांचा सैपाक

लग्नाच्या दिवशी सकाळी तानुबाई चुलीपुढे बसून फुंकणी हातात घेते न घेते, तोच पुंजाजी मागून आला.

"ऊठ तठून," तो म्हणाला. "आज हे तुह्यं काम नाही."

"चहा तं करू द्या."

"चहा करिष्मा करन गॅसवर. तिले तेवढंच येते. सुलतानपूरचे ईवाई येऊन राह्यले आज. पुंजाजी आचाऱ्याच्या पोरीचं लग्न हाय. पहिला घास तोंडात गेला का लोकाइले समजलं पाह्यजे, आचारी कोण हाय ते."

तानुबाईनं फुंकणी भिंतीला टेकवली आणि उठली. लग्नाची परवानगी मोजक्या माणसांची मिळाली होती. दोन्हीकडची मिळून वीस पानं उठायची होती. वीस पानांसाठी हा माणूस परसात विटांची भट्टी लावून बसला होता, जशी काही अर्धी उंद्री जेवायला यायची होती.

उंद्रीच्या पंचक्रोशीत आपल्यावाचून लग्न लागत नाही, असं पुंजाजी सांगायचा, आणि ते बरंचसं खरंही होतं. तुळशीचं लग्न झालं की सराटे-झारे पोत्यात बांधून तो घराबाहेर पडायचा, तो पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कपडे बदलण्यापुरताच परत यायचा. पावसाळ्यात तेरव्या असायच्या, भंडारे असायचे. घरचं ताट त्याच्यापुढे आलंच, तर तो दुसरीकडे पाहत अर्धं खायचा आणि हात धुवायचा. पोट बाहेरच्या बुंदीनं भरलेलं असायचं. राजकुमार आणि दुर्गा ही दोन्ही लेकरं तानुबाईच्या चुलीवर वाढली, पण त्या चुलीवर काय शिजतं हे पाहायची वेळ पुंजाजीवर कधी आलीच नव्हती.

मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि ती वेळ आली. मांडव बंद, भंडारे बंद. पुंजाजीनं पहिले काही दिवस झोपून काढले. मग तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर येऊन बसला आणि तिथून हललाच नाही.

त्याच्या तोंडी पहिल्यांदा सापडली ती करिष्मा. राजकुमारची पुण्याची कंपनी बंद पडली तसे नवरा-बायको उंद्रीला आले होते. करिष्मा नांदुऱ्याची पोरगी, पण पुण्यात दोन वर्षं काढल्यानं 'मले'चं 'मला' करून बोलायची. मोबाइलमध्ये पाहून पाहून तिनं कुकरमध्ये मीठ टाकून केक केला, घरी पाणीपुरीच्या पुऱ्या तळल्या, कॉफी आणि साखर घोटून घोटून पांढरा फेस काढला.

"हे काय हाय वो? दाढीचा साबन?" पुंजाजी म्हणाला होता.

तेव्हा तानुबाई हसली होती. पदर तोंडाला लावून पोट दुखेपर्यंत हसली. केक मधून खचला तेव्हा पुंजाजी म्हणाला, "भट्टीवाल्याले देऊन टाका, इटा कमी पडल्या असतीन त्याले," तेव्हाही हसली. इतक्या वर्षांत आपण नवरा-बायको एकाच गोष्टीला हसतोय, हेच तिला नवल वाटलं होतं. करिष्मा आत जाऊन दार लावून बसली, ते तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पण करिष्मानं स्वयंपाकघरात येणं सोडलं, आणि मग उंबरठ्यावरच्या माणसाला दुसरं कोण उरलं?

"वरनात एवढं पानी? बादलीभर दिसते."

"भाकर हाय का वहान?"

"बेसनाचं चून असं घोटते का कोणी? सरक, मी दाखवतो." दाखवायला मात्र तो उठायचा नाही.

एक दिवस कळण्याची भाकर, ठेचा आणि अंबाडीची भाजी असं ताट तिनं त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, चावला आणि तिच्याकडे पाहून विचारलं, "एवढे वर्स हेच खाऊ घातलं व्हय पोराइले?"

तो रागावून बोलला असता तर तिनं ऐकून सोडून दिलं असतं. पण तो खरोखर विचारत होता. आपली लेकरं काय खाऊन मोठी झाली, हे या माणसाला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून तानुबाई त्याच्या बोलण्यावर हसायची बंद झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती करिष्माच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तो केक करतं ना तू, तो मले दाखवजो एकदा."

करिष्मानं दार उघडलं होतं. सासूसाठी सहजासहजी उघडावं असं तिला वाटलं नव्हतं, पण उघडलं. तेव्हापासून दोघी दुपारी, पुंजाजी आडवा झाला की, स्वयंपाकघरात बसायच्या. केक तानुबाईच्या हातून पहिल्याच वेळी चांगला फुगला, याचा करिष्माला थोडा रागच आला.

आता लग्नाच्या सकाळी गॅसवर चहा उकळत करिष्मा खिडकीतून परसातली भट्टी पाहत होती. ढणढण जाळ, आणि त्यावर पुंजाजीच्या सामानातली सगळ्यात लहान कढई. ती भट्टीच्या तोंडात आत जात होती, म्हणून त्यानं खाली विटा रचल्या होत्या. त्याची माणसं, कांदे चिरणारी, पोळ्या लाटणारी, पाणी ओढणारी, आपापल्या गावी अडकलेली. सगळं तो एकटा करत होता आणि एकट्यालाच हुकूम देत होता.

"आई," करिष्मा म्हणाली, "आखाजीला काय झालं होतं ते विसरल्या का तुम्ही?"

तानुबाई विसरली नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या पानासाठी पुंजाजीनं मुगवड्यांची भाजी केली होती. लॉकडाउनमध्ये तो स्वतः चुलीपुढे बसला तेवढा एकच दिवस. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, या नियमावर तो कायम चालायचा. भाजी उतरवून तो आंघोळीला गेला, आणि पातेल्यात डोकावून पाहताच तानुबाईला समजलं की ती पितरांच्याही घशाखाली उतरणार नाही. त्यानं मुठीनं मीठ घातलेलं तिनं पाहिलं होतं. तिनं अर्धा रस्सा काढून टाकला, उकडलेले बटाटे घातले, शेंगदाण्याचं कूट कालवलं, पाणी वाढवलं. जेवताना पुंजाजी बोटं चाटत म्हणाला, "हे अशी असते भाजी." करिष्मानं दारातून सगळं पाहिलं होतं आणि सासूकडे असं पाहिलं होतं की तानुबाईनं मान खाली घातली.

"आज नका हात लावू," करिष्मा म्हणाली. "आज होऊ द्या जे व्हायचं ते. सगळ्यांसमोर होऊ द्या."

तानुबाईनं चहाचा पेला हातात घेतला. घोटभर प्यायली. "नाही लावत," ती म्हणाली.

दुर्गा हळदीची साडी नेसून तिथंच उभी होती, हे दोघींच्या ध्यानात आलं नव्हतं.

"वा!" दुर्गा म्हणाली. "तुमाले गंमत पाहाची हाय, आन जन्मभर ऐकाचं कोणाले हाय? मले! आई, माही सासू काय म्हनत होती माहीत हाय ना? 'गर्दी नाही, वाजा नाही, वरात नाही. पन पुंजाजी आचाऱ्याची पोरगी हाय, निदान जेवन तं होईन.' जेवनच नाही झालं तं सासू मले रोज ताटाबरोबर हेच वाढन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. दुर्गा रडणारी नव्हती. ती नुसती आईकडे पाहत उभी राहिली.

तानुबाईनं उरलेला चहा मोरीत ओतला. "करिष्मा," ती म्हणाली, "तुरीची दाळ, पीठ आन ताकाचा गंज घे. मागच्या दारानं शालूबाईच्या घरी चाल. हळू."

शालूबाई ही मागच्या घरची. तिनं काही विचारलं नाही, आपली चूल रिकामी करून दिली आणि वांगी चिरायला बसली. त्या उन्हाळ्यात बाजारच बंद, तेव्हा वांग्याला गिऱ्हाईक नव्हतं, घरोघरी टोपल्या भरून पडली होती. तानुबाईनं वरण शिजत घातलं. करिष्मानं कणीक मळली. चुलीजवळ दोघी घामानं निथळत होत्या.

राजकुमार हळदीचं सामान शोधत तिथं आला आणि दारातच थांबला.

"हे काय चालू हाय?"

"सैपाक," करिष्मा म्हणाली.

"बाबा करून राह्यला ना सैपाक!"

"तुझे बाबा काय करून राहिले ते वासावरून समजत नाही का तुला?"

राजकुमारला वास आला होता, पण त्यानं तो मान्य केला नाही. "आई, त्याले समजलं तं? धंदा बसला त्याचा. दोन महिने मानूस उंबरठ्यावर बसून हाय. पोरीच्या लग्नात एक सैपाक करतो म्हनते, तेवढं तं करू द्या त्याले! मी सांगतो जाऊन."

"तू सांगच," करिष्मा पोळपाटावरून उठली, आणि तिचा पुणेरी 'मला' कुठल्या कुठं गेला. "सांग! मंग तूच बस पंगतीत ते भाजी घेऊन. दोन महिने मले काय काय बोलले, तवा तुले नाही वाटलं बोलावं म्हनून? तवा तू मोबाइल पाहत बसला होता!"

राजकुमार आईकडे वळला. बाजू कोणती घ्यावी हे समजलं नाही की तो लहानपणापासून असाच वळायचा. तानुबाई वरण घोटत राहिली.

"दुर्गीनं सांगतलं म्हनून करून राह्यलो," ती म्हणाली. "त्याहिच्यासाठी नाही आन तुह्यासाठी बी नाही. जाय, हळदीचं पाह्य."

तो गेला, आणि त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. बापाबद्दल वाटणाऱ्या कळवळ्याची त्याची मजल तेवढीच होती.

इकडे पुंजाजीचा हात नेहमीच्या सवयीनं चालला होता. हजार माणसांच्या कढईत मूठ-दोन मूठ इकडेतिकडे झालेली कोणाला समजते? वाढायला उशीर झाला तर लोकांना भूक लागते, आणि भूक लागली की सगळंच गोड लागतं. या गोष्टी त्यानं कधी मनाशी कबूल केल्या नव्हत्या. तेल त्यानं डब्यातून सरळ ओतलं. तिखट मुठीनं टाकलं, मीठ मुठीनं टाकलं. वांगी घातली आणि वरणाकडे वळला, तेवढ्यात वांग्यांनी बूड धरलं. सराटा घातला तर खालून काळे पापुद्रे वर आले. त्यानं पाणी घातलं. मग आणखी घातलं. वांग्यांचा लगदा झाला आणि त्यावर लाल तेल तरंगायला लागलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नैवेद्याआधी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग आजूबाजूला पाहिलं. शिव्या द्यायला एकही माणूस नव्हता.

तो स्वयंपाकघरात गेला. तिथं कोणी नव्हतं. अंगणात दुर्गाच्या अंगाला हळद लागत होती, तिथं तानुबाई दिसली नाही. तो परत भट्टीपाशी आला आणि तिथंच त्याला मागच्या बाजूनं हिंग-लसणाच्या फोडणीचा वास आला. अचूक फोडणी. त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की राजकुमारनं आपल्या नकळत चिखलीचा आचारी आणला. रागानं तरातरा चालत तो शालूबाईच्या घरात शिरला.

चुलीपुढे तानुबाई बसली होती.

तानुबाईनं मागं वळून पाहिलं आणि पुन्हा कढी ढवळायला लागली.

"हे कोणासाठी?"

"पाव्हण्याइसाठी."

"मले न इचारता?"

"तुमाले इचारून आजलोक काय रांधलं मी?"

त्याला ओरडायचं होतं. पण त्याच्या मागं परसात काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. तो जवळ आला, झाकणं उघडून उघडून पाहिली. वरण, कढी, भरली वांगी, पोळ्यांची चळत, शालूबाईकडच्याच तांदळाचा मोकळा भात.

"माही भाजी जराशीक लागली," तो हळू म्हणाला.

करिष्मा फस्सकन हसली. तानुबाई हसली नाही.

"मंग असं कर," पुंजाजी म्हणाला. एवढ्या वेळात त्याचा आवाज पुन्हा मालकाचा झाला होता. "हे सगळं माह्या भगोन्यात ओत. मी वाढतो. लोकाइले काय समजते?"

करिष्मानं पोळपाट दणकन बाजूला ठेवला. "आई, नाही हं!"

"ओत," तानुबाई तिला म्हणाली. "दुर्गीचं लगन पार पडू दे."

करिष्मानं ओतलं. प्रत्येक पळीबरोबर तिला सासूचाही तितकाच राग येत होता.

लग्न लागलं. तोंडाला रुमाल बांधलेल्या भटजीनं मंगलाष्टकं म्हटली, नवऱ्या मुलानं मास्क हनुवटीवर ओढून हार घातला. पंगत बसली ती एकेक हात अंतर सोडून. पुंजाजी नवं धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून आपल्या भगोन्यातून वाढत फिरला.

सरस्वतीबाई म्हणजे मुलाची आई. पहिल्या घासाला ती बोलली नाही, दुसऱ्यालाही नाही. ही बाई बोलत नाही म्हणजे काय, हे दुर्गाला अजून माहीत नव्हतं, त्यामुळे तिनं उचललेला घास पुन्हा पानात ठेवला. मग सरस्वतीबाईनं कढीची वाटी उचलून सरळ तोंडाला लावली.

"हात तं हातच हाय बुवा," ती म्हणाली. "आमी ऐकून होतो, पन हे तं घरच्यासारखं लागते. मोठ्या पंगतीत असं नाही लागत."

पुंजाजीनं हात जोडले. "तुमचा आशीर्वाद."

"नशीबवान हा ईनबाई तुमी," सरस्वतीबाई तानुबाईकडे वळली. "रोज असं आयतं जेवाले भेटते."

तानुबाई पोळ्यांची टोपली घेऊन उभी होती. एवढ्यावर थांबला असता तर पुंजाजी निभावून गेला असता. तीस-पस्तीस वर्षं निभावलं, तसंच हेही.

पण तो थांबला नाही. "हिले काय येते?" तो हसत म्हणाला. "हिच्या हातचं जेवले असते तं लगन मोडून गेले असते तुमी. दोन महिने झाले, मीच शिकवून राह्यलो हिले."

तानुबाईनं टोपली खाली ठेवली.

"ईनबाई," ती म्हणाली, "हे ह्याहिनं नाही रांधलं. मी रांधलं. शालूबाईच्या घरी. ह्याहिनं रांधलेलं मागं हाय. करिष्मा, आन वो ते कढई."

करिष्मा जणू धावायला टपूनच होती. दोन फडक्यांत धरून तिनं ती कढई आणली आणि पंगतीच्या मधोमध ठेवली. काळा-लाल लगदा, वर बोटभर तेल. जळका वास सगळ्या मांडवात पसरला. राजकुमारनं पत्रावळीत मान घातली.

पुंजाजी हसू चेहऱ्यावर तसंच घेऊन उभा होता. ते काढून कुठं ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

सरस्वतीबाईनं कढई पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं, पायापासून उपरण्यापर्यंत.

"मंग आमाले खोटं काऊन सांगतलं?" तिनं विचारलं.

"मी नाही सांगतलं," तानुबाई म्हणाली. "मी खाऊ घातलं."

दुर्गानं डोळे मिटून घेतले. सरस्वतीबाईनं वाटी पुढं केली.

"कढी वाढा," ती म्हणाली. "तुमीच वाढा. आन भाऊ, ते कढई उचला तेवढी अठून. जेवू तं द्या लोकाइले."

पुंजाजीनं कढई उचलली. फडकी करिष्माकडेच राहिली होती, ती तिनं दिली नाही. गरम कढई धोतराच्या सोग्यानं धरून तो परसात गेला आणि पाठवणीपर्यंत परत आला नाही. दुर्गा पाया पडायला भट्टीपाशी गेली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंड वर केलं नाही. गाडी निघाली तेव्हा दुर्गा आईच्या गळ्यात पडून, ज्यानं त्यानं नवल करावं इतकी रडली.

गाडी गेल्यावर घरातली माणसं जेवायला बसली. तानुबाई आणि करिष्मा आधी बसल्या. राजकुमार उभाच होता.

"बाबा उपाशी हाय," तो म्हणाला. "आई, सगळ्याइच्या समोर... काय राह्यलं आता त्याचं? गावभर होईन."

"होऊ दे," करिष्मा म्हणाली.

तानुबाईनं एक घास खाल्ला, पाणी प्यायली, आणि उठून एक ताट वाढलं. भात, वरण, भरलं वांगं, पोळी. ती स्वतः ते घेऊन परसात गेली. भट्टी विझली होती, पुंजाजी विटांवर बसला होता. तिनं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि तिथंच उभी राहिली. काही बोलला तर ऐकावं, असं तिच्या मनात होतं. त्यानं काय बोलावं, हे तिनं ठरवलं नव्हतं. थोडंसंही चाललं असतं.

पुंजाजीनं वरण-भात कालवला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग, खाली पाहतच, म्हणाला, "वरनात मीठ कमी हाय."

दारातून राजकुमारनं पाहिलं, की आईनं वाकून बापाच्या पुढचं ताट उचललं. झटक्यानं नाही, एखादं उष्टं ताट उचलावं तसं. ते घेऊन ती आत आली, करिष्माशेजारी बसली आणि त्याच ताटात जेवायला लागली. पुंजाजीचा खरकटा हात तसाच हवेत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून धूर यायला लागला. राजकुमार उठून पाहायला गेला. पुंजाजीनं भट्टीच्या तीन विटा वेगळ्या काढून चूल मांडली होती आणि शेजारून मागून आणलेल्या एवढ्याशा पातेल्यात खिचडी टाकली होती. तांदूळ जास्त झाले म्हणून त्यानं पाणी घातलं, पाणी जास्त झालं म्हणून तांदूळ घातले. पातेलं उतू जाऊन विस्तव विझला, तो त्यानं पुन्हा पेटवला. एका माणसाचा स्वयंपाक त्यानं जन्मात केला नव्हता.

"आई, मी जातो, जरा हात लावतो त्याले," राजकुमार म्हणाला.

"बस खाली," तानुबाई म्हणाली. ती भाकरी थापत होती. "शिकू दे."

खिचडी वरून कच्ची राहिली आणि खालून लागली. पुंजाजीनं ती पातेल्यातच बोटांनी उकरून खाल्ली, करपलेल्या पापुद्र्यासकट, शेवटच्या शितापर्यंत. खाताना त्यानं एकदाही नाव ठेवलं नाही.

मग पातेलं घेऊन तो नळाखाली बसला आणि राखेनं घासायला लागला. बूड बरंच धरलं होतं.